भरवसा देवावर, गोळी वेळेवर

‘‘आता कसं वाटतंय?’’ असे विचारले, तर आपल्याकडचा रुग्ण ‘बरे आहे’ किंवा ‘त्रास होतोय’ एवढ्यावर क्वचितच थांबतो. ‘‘देवाच्या कृपेनं बरं हाय, बाई,’’ ‘‘पांडुरंगाच्या मनात असंल तसं,’’ ‘‘अल्लाह का शुक्र है, मॅडम’’ अशी उत्तरे सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात रोज कानावर पडतात. मधुमेहाने पायाचे बोट काढावे लागले तो म्हणतो, पाय वाचला ही देवाची दया. डायलिसिसला आठवड्यातून दोनदा एसटीने येणारी बाई म्हणते, गाडी वेळेवर मिळते हेच नशीब. उशीखाली अंगाऱ्याची पुडी, मनगटावर दोरा, खाटेच्या कडेला अडकवलेली जपमाळ किंवा क्रूस, हे सारे सलाइनच्या बाटलीइतकेच वॉर्डाचा भाग असते.

नवे निवासी डॉक्टर याकडे दोन प्रकारे पाहतात. काही जण हसून सोडून देतात. काही वैतागतात, कारण याच ‘देव बघून घेईल’पायी उशिरा आलेले रुग्ण त्यांनी पाहिलेले असतात. पंचवीसहून अधिक वर्षे या वॉर्डांत काढल्यावर मला वाटते, दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या आहेत. दुखण्यात कृतज्ञ राहणे आणि देवावर भरवसा ठेवणे याचा शरीर-मनावर परिणाम होतो का, होत असेल तर किती, आणि तो कुठे अपाय करू लागतो, हे प्रश्न वैद्यकशास्त्राने गंभीरपणे विचारले आहेत. त्यांची काही उत्तरेही मिळाली आहेत.

कृतज्ञतेची मोजणी

अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककला या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात नेहमी आधी सांगितला जातो. त्यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाने आठवड्यातून एकदा, त्या आठवड्यात ज्यांबद्दल आभार मानावेसे वाटले अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या. दुसऱ्याने त्रासाच्या गोष्टी लिहायच्या. तिसऱ्याने घडलेल्या घटना नुसत्या नोंदवायच्या. दहा आठवड्यांनंतर पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक बरे वाटत होते, शारीरिक तक्रारी कमी होत्या आणि व्यायामही जास्त होत होता. याच संशोधनाच्या एका भागात स्नायू आणि नसांच्या दीर्घ आजाराचे रुग्ण होते. त्यांनी 21 दिवस रोज अशी नोंद केली. त्यांचा आजार काही गेला नाही, पण झोप सुधारली आणि उठल्यावर ताजेतवाने वाटू लागले. दीर्घ आजारात झोप सुधारणे ही किती मोठी गोष्ट असते, हे रात्र-रात्र खोकणाऱ्या किंवा दुखण्याने कुशी बदलणाऱ्या माणसाला विचारावे.

2024 मध्ये अमेरिकेतील 49,275 वयस्कर परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय 79 होते. कृतज्ञतेच्या प्रश्नावलीत ज्यांना सर्वांत जास्त गुण होते, त्यांच्यात पुढील काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी गुण असलेल्यांपेक्षा सुमारे 9 टक्क्यांनी कमी आढळले. आधीची तब्येत, आर्थिक स्थिती, नैराश्य यांचा हिशेब धरूनही हा फरक उरला.

मात्र येथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. अशा निरीक्षणातून ‘कृतज्ञतेमुळे आयुष्य वाढले’ असे सिद्ध होत नाही. जिची प्रकृती आतून बरी आहे, तिलाच आभार मानणे सोपे जात असेल, ही शक्यता पूर्णपणे पुसता येत नाही. शिवाय नैराश्य आणि चिंता यांवर कृतज्ञतेच्या सरावाचा किती उपयोग होतो, हे पाहण्यासाठी 27 अभ्यास एकत्र करून तपासले गेले, तेव्हा परिणाम लहानच निघाला. म्हणजे आभाराची वही उपयोगाची आहे, पण ती औषधाच्या जागी चालणार नाही. जेवणात मिठाचे जे स्थान, ते तिचे. मीठ हवेच, पण नुसत्या मिठाने पोट भरत नाही.

शरीरात काय घडते?

संकट आले की शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागते. अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब चढतो, रक्तातील साखर वर जाते. अंगावर धावून आलेल्या बैलापासून पळायला हे उत्तम. पण कर्ज, मुलीचे लग्न, बायोप्सीचा रिपोर्ट ही संकटे महिनोन्महिने डोक्यावर बसून राहतात. शरीर तितके दिवस तयारीतच राहिले, तर झोप उडते, रक्तदाब हाताबाहेर जातो, मधुमेह बळावतो.

‘हे सगळे माझ्या एकट्याच्या खांद्यावर नाही’ असे ज्याला मनापासून वाटते, त्याच्या या तयारीला थोडी विश्रांती मिळते. त्यात प्रार्थनेच्या लयीचाही वाटा असतो. लुसियानो बर्नार्डी या इटालियन डॉक्टरांनी 2001 मध्ये 23 निरोगी व्यक्तींवर एक छोटा पण सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काहींच्या तोंडून ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणवून घेतली आणि योगमंत्रही म्हणवून घेतला. दोन्हींत श्वासाची गती मिनिटाला साधारण सहावर आली. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. श्वास असा संथ झाल्यावर रक्तदाब सांभाळणारी शरीरातली प्रतिक्षिप्त यंत्रणा अधिक चांगले काम करू लागल्याचेही दिसले. प्रार्थना वेगळी, भाषा वेगळी, देव वेगळा. पण फुप्फुसांना दोन्ही सारखीच मानवली. संध्याकाळी देवापुढे बसून संथ लयीत हरिपाठ म्हणणाऱ्या आजींचा श्वास पाहा. त्यांना कोणी प्राणायाम शिकवलेला नसतो.

भरवशाच्या तीन तऱ्हा

देवावर भरवसा म्हणजे नक्की काय, यावर केनेथ पारगामेंट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर काम केले. संकटात माणसे देवाशी कसे नाते ठेवतात, याच्या त्यांनी तीन तऱ्हा सांगितल्या. पहिली : देवाने बुद्धी आणि हातपाय दिलेत, आता माझे मी पाहीन. दुसरी : मी काही करत नाही, सारे देवावर सोडले. तिसरी : मी माझ्याकडून सगळे करीन, देव माझ्या सोबत आहे.

आमच्या वॉर्डात या तिन्ही तऱ्हा दिसतात, आणि त्यांचा फरक क्षयरोगाच्या रुग्णात फार स्पष्ट कळतो. औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचे उपचार साधारण सहा महिने चालतात. पण दीड-दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, वजन वाढते. दुसऱ्या तऱ्हेचा माणूस म्हणतो, ‘‘देवीनं बरं केलं,’’ आणि गोळ्या सोडतो. शरीरात उरलेले जंतू पुन्हा वाढतात आणि औषधांना दाद न देणारा क्षय होण्याचा धोका वाढतो. तिसऱ्या तऱ्हेचा माणूस रोज सकाळी देवापुढे उदबत्ती लावतो आणि लगेच गोळ्या घेतो. माझ्या पाहण्यातला एक यंत्रमाग कामगार गोळ्यांची पाकिटे देव्हाऱ्यातच ठेवत असे. ‘‘पूजा चुकत नाही, म्हणून गोळीबी चुकत नाही,’’ हे त्याचे गणित. सहा महिन्यांत त्याचा एकही दिवस चुकला नाही. औषधाचा नेम पाळायला श्रद्धेचा नेम असा हाताशी घेता येतो.

देव रागावला आहे का?

आता नाण्याची दुसरी बाजू. पारगामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या, 55 वर्षांवरील 596 रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. 2001 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ‘देवाने मला टाकून दिले,’ ‘देवाचे माझ्यावर प्रेमच नाही,’ ‘हे सैतानाने केले,’ असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका 19 ते 28 टक्क्यांनी जास्त आढळला. आजाराची तीव्रता आणि मनःस्थिती लक्षात घेऊनही हा फरक राहिला. श्रद्धा आधार देते, तशीच ती जखमही करू शकते.

आपल्याकडे ही जखम बहुतेक वेळा शेजारीपाजारी आणि नातेवाईक करतात. ‘मागच्या जन्मीचं असेल,’ ‘कुलदेवतेचं काहीतरी राहिलंय,’ ‘एवढी देवदेव करते तरी हिलाच कसं झालं?’ स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी घेणारी चाळिशीतली एक शेतकरी बाई एकदा तपासणी झाल्यावरही उठेना. मग हळूच म्हणाली, ‘‘बाई, जाऊ म्हणते, रडू नको, देवाचं नाव घे, आहे त्यात समाधान मान. पण मला आता देवाचं नावच घ्यावंसं वाटत नाही. पाप लागंल का?’’ तिला केमोची उलटी सोसत होती, केस गेल्याचेही तिने मनाला लावून घेतले नव्हते. तिला खात होते ते हे, की आपण कृतघ्न झालो. आजाराच्या ओझ्यावर अपराधीपणाचे आणखी एक ओझे चढले होते.

अशा वेळी मला आपली वारकरी परंपरा आठवते. तुकोबांनी 1630च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात पत्नी आणि मुलगा गमावला, व्यापार बुडाला. त्यांच्या गाथेत विठोबावरचे प्रेम आहे, तसेच त्याच्याशी उघड भांडणही आहे. जनाबाईंच्या अभंगांत तर त्याला सरळ शिव्या आहेत. या दोघांना कोणी अश्रद्ध म्हटले नाही. बायबलमधला ईयोबही देवाला जाब विचारतो. तेव्हा देवावर रुसणे म्हणजे देव सोडणे नव्हे. रुसतो आपण आपल्या माणसावरच. हे मी त्या बाईंना सांगितले, तेव्हा त्या बऱ्याच वेळाने मोकळेपणी रडल्या. पुढची केमो त्यांनी चुकवली नाही.

म्हणूनच एक साधा नियम : कृतज्ञता स्वतःची स्वतः करायची असते, दुसऱ्याला ती लिहून द्यायची नसते. ‘देवाचे आभार मान, याहून वाईट झालं नाही,’ हे वाक्य दुखणाऱ्या माणसाने स्वतः म्हटले तर बळ देते. तेच खाटेशेजारच्या स्टुलावर बसलेल्या पाहुण्याने म्हटले, तर तोंड बंद करते.

श्रद्धा कमी पडली, की आजार आहे?

काही वेळा आभार मानावेसे न वाटणे हे स्वतःच एक लक्षण असते. नैराश्यात मेंदूची आनंद घेण्याची क्षमताच मंदावते. नातवंडाला पाहून, आवडते भजन ऐकून, सणाचे गोड खाऊनही काहीच वाटत नाही. उदासी किंवा कशातच रस नसणे दोन आठवड्यांहून जास्त टिकले, सोबत झोप आणि भूक बिघडली, थकवा, निरुपयोगी असल्याची भावना, जगणे नको असे विचार येऊ लागले, तर हा भक्ती कमी पडल्याचा पुरावा नाही. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसले, की आपल्या देशात वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. ‘मन खंबीर कर’, ‘देवाचं कर’ या सल्ल्यांत कित्येकांची वर्षे जातात. ‘टेलि-मानस’ ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवा 2022 पासून चोवीस तास सुरू आहे. 14416 हा तिचा क्रमांक. मराठीतही बोलता येते. हा क्रमांक घरात, देवाच्या कॅलेंडरवरच लिहून ठेवावा. स्वतःला लागेलच असे नाही, शेजाऱ्याला लागू शकतो.

जिथे नवस अपाय करतो

दुसऱ्याने केलेल्या प्रार्थनेने रोग बरा होतो का, हेही तपासले गेले आहे. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या 1,802 रुग्णांचा मोठा अमेरिकी अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली आणि ज्यांच्यासाठी केली नाही, त्यांच्यातील गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले : 52 आणि 51 टक्के. आणि ज्यांना ‘तुमच्यासाठी प्रार्थना होते आहे’ असे खात्रीने सांगितले होते, त्यांच्यात ते 59 टक्के होते. कदाचित ‘माझ्यासाठी प्रार्थना करावी लागते, म्हणजे प्रकरण गंभीर असणार’ या धास्तीने तसे झाले असावे. प्रार्थनेचा आधार मनाला असतो. ती शस्त्रक्रियेचा निकाल फिरवते असा पुरावा या अभ्यासाने दिला नाही.

तेव्हा रोजच्या व्यवहारातल्या काही गोष्टी स्पष्ट सांगतो त्या अशा.

मधुमेह असेल तर अनवाणी चालण्याचा नवस बोलू नये. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू जाते. तापलेल्या डांबरावर किंवा मंदिराच्या फरशीवर कातडी भाजली तरी कळत नाही. तीच जखम चिघळून पाय काढण्यापर्यंत जाऊ शकते. नवस बोललेला असेलच, तर तो बदलून घ्यावा. अन्नदान करावे, झाड लावावे.

उपवास करायचा असेल, मग तो एकादशीचा असो, नवरात्राचा किंवा रमजानचा, तर काही दिवस आधी डॉक्टरांना विचारावे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामे ठेवले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. उलट दिवसभर साबुदाणा, बटाटा, रताळे खाल्ले तर ती चढते. औषधाच्या वेळा आणि मात्रा बदलून बऱ्याच जणांना उपवास करता येतो. काहींनी मात्र तो टाळलाच पाहिजे. आपल्या मनाने गोळी सोडू नये आणि वाढवूही नये.

अपस्माराची, म्हणजे फिट्सची गोळी ‘गुण आला’ म्हणून अचानक बंद केली, तर फिट्स जोरात उलटतात. अँजिओप्लास्टीनंतरची रक्त पातळ ठेवणारी औषधे मनाने बंद केली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. बरे वाटणे हा औषधाचा परिणाम असतो, औषध संपल्याची सूचना नसते.

साप चावला तर मांत्रिकाकडे जाण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. चावलेला भाग कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. हातपाय हलू न देता थेट रुग्णालय गाठावे. प्रतिविष तिथेच मिळते. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. देवाचे नाव गाडीत बसूनही घेता येते.

जेव्हा बरे होणे हातात नसते

सगळेच आजार बरे होत नाहीत. भरवशाची खरी कसोटी तिथे लागते. लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी ‘संपूर्ण वेदना’ ही कल्पना मांडली. मरणासन्न माणसाचे दुखणे शरीराचे असते, मनाचे असते, घरादाराच्या काळजीचे असते आणि ‘हे माझ्याच वाट्याला का’ या प्रश्नाचेही असते. चारही धागे एकमेकांत गुंतलेले असतात. हाडांत पसरलेल्या कर्करोगाने तळमळणाऱ्याला नामस्मरण सांगून उपयोग नाही; आधी मॉर्फिन द्यावे लागते. दुखणे ओसरले की तो स्वतःच विचारतो, ‘‘माळ कुठं ठेवली?’’ वेदनाशामक उपचार श्रद्धेच्या आड येत नाहीत, तिच्यासाठी जागा मोकळी करतात. आपल्याकडे मुंबईत 1986 मध्ये सुरू झालेल्या शांती आवेदना सदनापासून या कामाची वाट सुरू झाली. घरच्या रुग्णाला असह्य वेदना असतील, तर ‘भोग आहेत’ म्हणून गप्प न बसता अशा उपचारांची चौकशी करणे हे नातेवाइकांचे कर्तव्य आहे.

अशा काळात रुग्णाची कृतज्ञता आकाराने लहान होते, पण खोटी नसते. आज पाणी गिळता आले. मुलगा पुण्याहून आला. सिस्टरने कूस बदलून दिली. मोठ्या आशेला जागा नसते, तेव्हा अशा लहान गोष्टी दिवस धरून ठेवतात.

करून पाहण्यासारखे

झोपण्यापूर्वी दिवसातल्या दोन-तीन नेमक्या गोष्टी आठवा किंवा लिहा. ‘देवा, सगळ्यासाठी आभार’ असे मोघम नको. ‘रिक्षावाल्याने सुट्टे नसताना सोडले’ असे नेमके हवे. आठवड्यातून एक-दोनदा केले तरी चालेल. ओझे झाले तर काही दिवस थांबा.

आभार देवापर्यंतच ठेवू नका. डबा आणणारी बहीण, रात्रभर बाकावर बसलेला भाऊ, खाट स्वच्छ करणाऱ्या मावशी यांना तोंडाने सांगा. माणसे जोडलेली राहणे हे आजारपणातले मोठे बळ आहे.

जप, नमाज, प्रार्थना, हरिपाठ, जे तुमचे असेल ते संथ करा. देव न मानणाऱ्यांनी पाच-दहा मिनिटे शांत बसून श्वास हळू करावा. शरीराला त्याचाही फायदा होतो.

औषधाची वेळ आणि पूजेची वेळ एकत्र बांधा.

राग आला तर देवाला सांगा, डॉक्टरांनाही सांगा. दोघांनाही तो ऐकायची सवय आहे.

आणि आजारी माणसाला भेटायला जाल, तेव्हा समाधानाचा उपदेश पिशवीतून नेऊ नका. ‘‘रात्री झोप लागली का?’’ एवढे विचारा आणि त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्या.